वाइन द्राक्षांची प्रत: जागा, जमिनीतील पाणी आणि सेंद्रिय व्यवस्थापन

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकास इगतपुरी येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून रस्त्याने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर असलेल्या निफाड येथे तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. सह्याद्रीच्या या पर्जन्यछायेच्या उतरणीवर, गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीच्या टेकड्यांलगत, देशातील वाइन द्राक्षांच्या महत्त्वाच्या बागा वसल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केल्यानंतर या पिकाखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. २००८ नंतरच्या मंदीत मद्यसाठे पडून राहिले, खरेदी घटली आणि अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. मागणी भरपूर असते तेव्हा वाइनरी सर्वच माल उचलते. मागणी आटली की ती निवड करू लागते. त्या निवडीत कोणती बाग टिकेल, याचा निर्णय बव्हंशी लागवडीच्या दिवशीच झालेला असतो. वाइन द्राक्षाची बाग वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ उभी राहते. चुकलेली फवारणी पुढच्या हंगामात सुधारता येते, चुकलेली जागा सुधारता येत नाही.

खाण्याच्या द्राक्षात मुरलेल्या शेतकऱ्यास हा विषय प्रथम उलटा वाटतो. मोठा मणी, भरगच्च घड, एकरी दहा-बारा टन उत्पादन ही तेथील यशाची मापे आहेत. वाइन द्राक्षात रंग, टॅनिन आणि सुगंधी घटकांचा मोठा भाग सालीत व सालीलगतच्या पेशींत असतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या मण्यात गराच्या प्रमाणात जितकी साल असते, ती १६ मिलिमीटर व्यासाच्या मण्यापेक्षा एकतृतीयांशाने अधिक भरते. मणी फुगविणे म्हणजे येथे रंग पातळ करणे होय. म्हणूनच लाल वाइनच्या बागेत एकरी चार-पाच टनांवर थांबावे लागते, आणि मणी लहान ठेवण्याचे काम कोणत्याही संजीवकाने नव्हे, तर जमिनीतील पाण्याच्या ताणाने होते.

पिकण्याचा काळ उलटा आहे

युरोपातील वाइन द्राक्षे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पिकतात. मणी पक्व होत जातो तसतशी हवा थंड होत जाते आणि आम्लता टिकून राहते. दख्खनच्या पठारावर एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबरच्या आसपास फळछाटणी होते. घड डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढतो आणि जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत पिकतो. म्हणजे येथे पक्वता व उष्णता एकाच दिशेने चढत जातात. मार्चमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांकडे झुकते. मण्यातील मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनाद्वारे वेगाने खर्ची पडते. टार्टारिक आम्ल तुलनेने टिकाऊ असते. परिणामी शर्करा २३ ब्रिक्सला पोहोचण्याआधीच आम्लता घसरते आणि रसाचा सामू ३.६ च्या वर जातो. असा रस जंतूंना लवकर बळी पडतो, त्याला सल्फर डायऑक्साइड अधिक लागतो आणि त्यापासून होणाऱ्या लाल वाइनचा रंग निस्तेज राहतो.

हे ध्यानात घेतले की जागा निवडण्याचे युरोपीय निकष जसेच्या तसे उचलणे किती धोक्याचे आहे ते कळते. जर्मनी वा फ्रान्समधील शेतकरी ऊब मिळावी म्हणून दक्षिणेकडे तोंड करणारा उतार शोधतो. विसाव्या अक्षांशावर डिसेंबरमधील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर आणि मार्चच्या विषुवदिनी ७० अंशांवर असतो. येथे ऊन कमी पडण्याची भीती नाही. भीती आहे ती दुपारनंतर घडावर तिरपे पडणाऱ्या पश्चिमेच्या उन्हाची. त्यामुळे पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे कलणारा सौम्य उतार अधिक उपकारक ठरतो. ओळी उत्तर-दक्षिण असल्यास पश्चिमेच्या बाजूची पाने राखून ठेवावीत आणि विरळणी पूर्वेच्या बाजूस करावी.

उंचीचा लाभ सर्वपरिचित आहे. दर शंभर मीटर चढणीमागे तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते. समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवरील नाशिकची टेकडी आणि त्याहून बरीच सखल असलेली अकलूज परिसरातील बाग यांत काढणीची तारीख आणि निवडावयाचे वाण या दोहोंचा फरक पडतो. बेंगळुरूनजीक नंदी हिल्सच्या पायथ्याशी सुमारे नऊशे मीटर उंचीवर बागा आहेत. तेथे हवा अधिक सौम्य आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पावसाचा जोर नाशिकपेक्षा लांबतो आणि छाटणीचे वेळापत्रक त्यानुसार बदलावे लागते.

उंचीपेक्षाही दुर्लक्षित राहतो तो थंड हवेचा प्रवाह. रात्री थंड हवा जड होऊन पाण्याप्रमाणे उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. निफाडच्या सखल भागात हिवाळी पारा नाशिकच्या टेकड्यांपेक्षा कितीतरी खाली जातो, हे थंडीच्या बातम्यांतून दरवर्षी दिसते. अशा खोलगट जागी डिसेंबरमध्ये मण्यांची वाढ थबकते आणि पहाटेचे दव सकाळी उशिरापर्यंत पानांवर राहते. दव राहिले की केवडा आला. उताराच्या मधल्या टप्प्यावर, जेथे हवा अडत नाही तेथे, तीच पाने एक-दोन तास आधी कोरडी होतात. सेंद्रिय बाग करू इच्छिणाऱ्यास या एक-दोन तासांचे मोल फवारणीच्या दोन फेऱ्यांइतके असते.

जमीन: कसापेक्षा पाण्याचा हिशेब

जमिनीचा विषय निघाला की चर्चा बहुधा नत्र, स्फुरद आणि पालाश यांवर येऊन थांबते. बोर्डो विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी तेथील नामांकित मळ्यांच्या जमिनींचा दीर्घकाळ अभ्यास केला. उत्कृष्ट वाइन देणाऱ्या जमिनी रासायनिक घटकांत एकमेकींशी जुळत नव्हत्या. कोठे खडेमिश्रित रेताड, कोठे चुनखडीची, तर कोठे चिकण. त्यांच्यात समान होते ते एकच: वेलीला पाणी बेताने पोहोचविण्याची त्यांची रीत. अतिवृष्टीचे पाणी त्या वाहून जाऊ देतात आणि कोरड्या काळात वेलीला पूर्ण तहानेने मरू देत नाहीत. पुढे कॉर्नेलिस व्हॅन लुवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट-एमिलियाँ येथे तीन प्रकारच्या जमिनींवर तीन वाणांची पाच वर्षे निरीक्षणे केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात द्राक्षाच्या प्रतीवर हवामानाचा प्रभाव सर्वाधिक, त्यानंतर जमिनीचा आणि त्यानंतर वाणाचा दिसून आला. हवामान आणि जमीन या दोहोंचा परिणाम मुख्यत्वे वेलीच्या पाणी-स्थितीतून घडत होता.

दगडातील खनिजांची चव थेट वाइनमध्ये उतरते, हा समज मात्र आकर्षक असला तरी आधारहीन आहे. वेल मुळांवाटे पाण्यात विरघळलेले आयन घेते. खडकाला म्हणून असलेली चव तिच्या मुळांतून चढत नाही. ज्वालामुखीजन्य बेसाल्टची महती बाटलीवरील चिठ्ठीसाठी ठीक आहे. शेतकऱ्याने त्या बेसाल्टची झीज होऊन किती खोल माती झाली आहे, हे पाहावे.

दख्खनच्या बेसाल्टवर साधारणपणे वर काळी वा तपकिरी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ असा थर आढळतो. सखल भागात काळी माती मीटर-दीड मीटर खोल असते. उतारावर ती हातभरच राहते आणि मुरूम वर येतो. एक मीटर खोल भारी काळ्या जमिनीत वेलीला उपलब्ध होणारे पाणी ढोबळमानाने १५० मिलिमीटर वा त्याहून अधिक मावते. पंचेचाळीस सेंटिमीटर मध्यम माती आणि खाली मुरूम असलेल्या जागी ते ५० मिलिमीटरच्या आसपास राहते. पावसाळा संपताना दोन्ही जमिनी काठोकाठ भरलेल्या असतात. पूर्ण वाढलेली वाइन बाग त्या दिवसांत रोज सुमारे दोन मिलिमीटर पाणी उचलते असे धरल्यास, उथळ जमिनीतील साठा पंचवीस दिवसांत संपतो. खोल काळ्या जमिनीतील साठा अडीच महिने पुरतो.

या साध्या भागाकारात वाइन द्राक्षशेतीचे मर्म आहे. लाल वाणांना पाण्याचा सौम्य ताण हवा असतो तो मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. उथळ जमिनीचा शेतकरी ठिबकचे तास कमी करतो आणि आठवडाभरात शेंड्यांची वाढ मंदावते, पेरे आखूड होतात, मणी लहान राहतात. खोल काळ्या जमिनीचा शेतकरी ठिबक पूर्ण बंद करतो. वेल जमिनीतील साठ्यावर डिसेंबरअखेरपर्यंत जोमात वाढत राहते. त्याने नळ बंद केला तरी वेलीला त्याची वार्ताच पोहोचत नाही. तो वारंवार शेंडे मारतो, त्यातून बगलफुटी वाढतात, घड सावलीत जातात, भुरी येते आणि रंग भरत नाही. पावसावर विसंबून असणाऱ्या युरोपीय शेतकऱ्यास जे साधत नाही ते, म्हणजे ताण हवा तेव्हा देणे आणि हवा तेव्हा सोडविणे, नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ व ठिबक यांमुळे भारतीय शेतकऱ्यास साधते. अट एकच: जमीन त्याचे ऐकणारी हवी.

याचा अर्थ काळी माती सर्वस्वी वर्ज्य असा नव्हे. बोर्डोतील पोमेरॉल येथे फुगणाऱ्या चिकणमातीवर मर्लो या वाणाची जगद्विख्यात वाइन होते, आणि त्या मातीतील खनिजांचे कूळ आपल्या काळ्या मातीच्या जवळचे आहे. अशी चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते व वेलीला ते सहजी देत नाही. परंतु तेथे मान्सूनसारखा मुसळधार भरणा होत नाही आणि वरून ठिबकही नसते. आपल्याकडे मध्यम काळ्या जमिनीत, उंच बोद, चर खोदून केलेला निचरा आणि कमी जोमाचा खुंट यांच्या साह्याने शेनँ ब्लाँसारखे पांढरे वाण चांगले येऊ शकतात. त्यांना लाल वाणांइतका ताण लागत नाही. भारी जमिनीत शिराझ व काबेर्ने सोव्हिन्याँ लावण्याचा हट्ट मात्र टाळावा.

जागा पाहताना माती परीक्षणाचा एक नमुना पुरेसा होत नाही. दर एकरी निदान दोन ठिकाणी दीड मीटर खोल खड्डे घ्यावेत. थरांची खोली, मुळे कोठे थांबतात, चुनखडीचे खडे कोणत्या खोलीपासून सुरू होतात, हे डोळ्यांनी पाहावे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर जोराने फसफसणारा थर मुळांच्या कक्षेत येत असेल तर लोहाची कमतरता व पाने पिवळी पडणे हे पुढील वीस वर्षांचे दुखणे होऊन बसते. खड्डा पावसाळ्याच्या ऐन भरात घेतला तर पाणी किती दिवस साचते हेही कळते. उन्हाळ्यात घेतलेला खड्डा ही गोष्ट लपवितो.

पालाशाची सवय

खाण्याच्या द्राक्षात गोडी व चकाकीसाठी पालाशाचे हप्ते देण्याची पद्धत रुळलेली आहे. तीच सवय वाइन बागेत नेली जाते आणि नुकसान करते. दख्खनच्या काळ्या जमिनींत उपलब्ध पालाश बहुधा आधीच मुबलक असते. रसात पालाश वाढले की ते टार्टारिक आम्लाशी संयोग पावून क्षाररूपाने खाली बसते आणि सामू वर चढतो. उन्हामुळे मॅलिक आम्ल गेलेले असते, पालाशामुळे टार्टारिकही जाते. मग वाइनरीत बाहेरून टार्टारिक आम्ल घालावे लागते व तो खर्च भावात कोठे ना कोठे वळता होतो. देठ परीक्षणात पालाश पुरेसे आढळल्यास त्याचा एकही हप्ता देऊ नये.

खुंटाची निवड याच साखळीतील कडी आहे. पाण्याची टंचाई व क्षारता सोसणारा म्हणून डॉगरिज खुंट महाराष्ट्रात सर्वत्र पसरला आणि खाण्याच्या द्राक्षबागा त्याने वाचविल्या, हे निर्विवाद. पण तो जोमदार आहे आणि पालाश भरपूर उचलतो. खोल जमिनीवर डॉगरिज व त्यावर लाल वाइन वाण हा संयोग जोम आणि चढा सामू दोन्ही पदरात टाकतो. ११० रिश्टरसारखे खुंट अवर्षण सोसूनही तुलनेने संयत वाढतात, म्हणून वाइन वाणांसाठी त्यांचा विचार आधी व्हावा. पाण्यात क्षार अधिक असतील तर हा निर्णय माती व पाण्याच्या अहवालावर सोडावा.

सेंद्रिय व्यवस्थापन: जागा अनुकूल असेल तर

सेंद्रिय वाइन द्राक्षांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे सेंद्रिय म्हणजे आपोआप उत्तम वाइन. दुसऱ्या मताप्रमाणे मान्सूनच्या प्रदेशात ते अशक्य. जर्मनीतील गाइसेनहाइम येथे २००६ पासून रीस्लिंग वाणावर एकात्मिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धतींची तुलना चालू आहे. तेथे सेंद्रिय व बायोडायनॅमिक बागांत वाढ व उत्पादन कमी आढळले; रसाच्या प्रतीत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे सेंद्रिय पद्धत प्रतीची हमी देत नाही. ती वेलीचा जोम व जमिनीची घडण बदलते, आणि त्या बदलाची दिशा हितकर की अहितकर हे पुन्हा जागेवर अवलंबून राहते.

सेंद्रिय पदार्थांचेच उदाहरण घ्यावे. उथळ मुरमाड जमिनीत कुजलेले शेणखत, ताग वा धैंचा गाडणे आणि उसाच्या पाचटाचे आच्छादन हे सर्व हिताचे ठरते. पाणी धरण्याची शक्ती वाढते, ताण अचानक न येता हळूहळू येतो. त्याच मात्रेचे शेणखत खोल काळ्या जमिनीत जोम वाढविते. शेणखतात ढोबळमानाने अर्धा टक्का नत्र आणि तितकेच पालाश असते. हेक्टरी दहा टन शेणखत म्हणजे ५० किलो नत्र आणि ५० किलो पालाश. नत्राचा बराचसा भाग सावकाश, पुढील हंगामांतही, सुटत राहतो. ते सेंद्रिय आहे म्हणून रसाचा सामू त्याला सूट देत नाही. वाइनरीतून परत मिळणाऱ्या चोथ्यात पालाश विशेष अधिक असते. त्याचे कंपोस्ट हलक्या जमिनीसाठी राखावे. काळ्या जमिनीत उलट मार्ग धरावा: पावसाळ्यात ओळींमध्ये गवत वा द्विदल आच्छादन पीक वाढू द्यावे, म्हणजे ते जमिनीतील जादा पाणी व नत्र उचलते आणि चिखलात ट्रॅक्टरही चालू शकतो. उथळ जमिनीत हेच पीक फळछाटणीपूर्वी कापून जागीच पसरले नाही, तर ते वेलीचे पाणी पिते.

नत्र फारच घटले तर दुसरे टोक गाठले जाते. रसातील यीस्टला वापरता येणारे नत्र लिटरला १४० मिलिग्रॅमखाली गेले की किण्वन रेंगाळते व सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. सेंद्रिय बागेत, विशेषतः ओळींत गवत राखलेले असल्यास, हा आकडा वाइनरीकडून दरवर्षी मागवून घ्यावा. शेतकऱ्यास तो क्वचितच सांगितला जातो. तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

रोगांच्या बाबतीत जागेचा कौल सर्वांत कठोर असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुटी कोवळ्या असताना पाऊस लांबला की केवडा घडावरच उतरतो. सेंद्रिय पद्धतीत याविरुद्ध मुख्य आयुध म्हणजे ताम्र. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून केवडा फ्रान्समध्ये पोहोचला. मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली निरोगी राहिल्याचे मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले. चोरांसाठी केलेला उपाय अजूनही सेंद्रिय द्राक्षशेतीचा कणा आहे आणि तिची सर्वांत मोठी अडचणही.

अडचण हिशेबाने पाहावी. मोरचुदात सुमारे पंचवीस टक्के ताम्र असते. एक टक्का बोर्डो मिश्रण हेक्टरी हजार लिटर फवारले तर दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो ताम्र जमिनीच्या वाट्यास येते. युरोपीय संघाने २०१९ पासून घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षास सरासरी चार किलो आहे. अशा दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते. ताम्र जमिनीत कुजत नाही. वरच्या थरात साचते, गांडुळांना व उपयुक्त बुरशींना घातक ठरते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते काहीसे बद्ध राहते; नंदी हिल्सकडील ग्रॅनाइटपासून बनलेल्या, आम्लतेकडे झुकणाऱ्या हलक्या लाल जमिनीत त्याचा उपद्रव लवकर जाणवतो. म्हणून पाव ते अर्धा टक्का तीव्रता, फुटींच्या वाढीनुसार पाण्याचे प्रमाण, आणि तारखेनुसार नव्हे तर पावसाचा अंदाज व पानांची ओल पाहून फवारणी असे धोरण ठेवावे. ट्रायकोडर्मासारखे जैविक घटक ताम्राच्या पाठोपाठ फवारणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे होय. दोहोंत पुरेसे अंतर हवे.

सोव्हिन्याँ ब्लाँच्या बागेत ताम्राचा आणखी एक तोटा संभवतो. या वाणाचा पेरू वा पॅशन फ्रूटची आठवण करून देणारा सुगंध थायोल या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि रसात राहिलेले ताम्र त्यांना बांधून निष्क्रिय करते. मण्यात पाणी उतरल्यानंतर या वाणावर ताम्र फवारू नये. भुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या गंधकाचेही असेच आहे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत ते उत्तम काम देते. पण काढणीपूर्वी किमान पाच आठवडे थांबविले नाही तर त्याचा अवशेष किण्वनात हायड्रोजन सल्फाइडला जन्म देतो. शेवटच्या टप्प्यात पोटॅशियम बायकार्बोनेट, अँपेलोमायसिस वा बॅसिलस सबटिलिस यांचा आधार घेता येतो, परंतु बागेत हवा खेळती असेल तरच. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलीमस हे भुंगेरे सोडण्यापूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त करावा. मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात.

ज्याची चर्चा सहसा होत नाही अशी बाब म्हणजे फळछाटणीनंतर डोळे फोडण्यासाठी लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड. उष्ण कटिबंधात वेलीला खरी हिवाळी विश्रांती मिळत नाही, म्हणून डोळे मागेपुढे फुटतात आणि हे रसायन ती उणीव भरून काढते. सेंद्रिय प्रमाणीकरणात ते चालत नाही. ते वगळले की एकाच वेलीवर पंधरवड्याच्या फरकाचे घड येऊ शकतात आणि काढणीच्या दिवशी निम्मा माल अपक्व निघतो. यावर एकच उपाय पुरत नाही. खरड छाटणीनंतर काड्यांची विरळणी वेळीच करून पेन्सिलीच्या जाडीच्या, सारख्या पक्व काड्या राखणे, छाटणीपूर्वी पाणी तोडून पानगळ करून घेणे, आखूड डोळ्यांवर छाटणी करणे, असे काही मिळून करावे लागते. लसणाच्या अर्कावरही प्रयोग झाले आहेत. उथळ, निचऱ्याच्या जमिनीत छाटणीपूर्वीचा ताण देता येत असल्याने पानगळ सहज साधते. भारी जमिनीत सप्टेंबरमध्ये ती साधणे जवळजवळ अशक्य असते. सेंद्रिय व्यवस्थापनाचा प्रश्न येथेही फिरून जमिनीच्या खोलीपाशीच येतो.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार बहुवार्षिक पिकांसाठी परिवर्तनाचा काळ तीन वर्षांचा आहे. या काळात उत्पादन घटते आणि सेंद्रिय भाव मिळत नाही. वाइनरीशी करार करताना या तीन वर्षांच्या भावाचे कलम आधी ठरवून घ्यावे. चारही बाजूंनी खाण्याच्या द्राक्षांच्या बागा असलेली एक-दोन एकरांची पट्टी प्रमाणीकरणास अवघड जाते, कारण शेजारच्या ब्लोअरचे तुषार बांध ओळखत नाहीत. संरक्षक पट्टा सोडल्यावर उरते किती, हे मोजूनच अर्ज करावा.

एकाच बागेतील दोन बागा

जुन्या बागेत जागा बदलणे शक्य नसते, पण ती ओळखून वागणे शक्य असते. उतारावरील एकाच प्लॉटमध्ये वरच्या कडेला मुरूम आणि खालच्या कडेला खोल माती असे बहुधा असते. दोन्ही भागांस एकाच व्हॉल्व्हवरून पाणी दिले जाते, एकच खत दिले जाते आणि एकाच दिवशी काढणी होते. डिसेंबरमध्ये शेंड्यांची वाढ वरच्या भागात थांबलेली आणि खालच्या भागात चालू दिसली, तर तेथे दोन बागा आहेत असे समजावे. ठिबकचा व्हॉल्व्ह वेगळा करावा, शेणखत वरच्या भागास द्यावे, आच्छादन पीक खालच्या भागात राखावे. जानेवारीच्या मध्यापासून दर चार दिवसांनी दोन्ही भागांतून वेगवेगळे नमुने घ्यावेत: दोनशे मणी, घडाच्या वरून, मधून आणि खालून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, पहाटे. ब्रिक्सबरोबर सामू आणि आम्लताही नोंदवावी. लहानसा सामूमापक एका हंगामात आपली किंमत वसूल करतो. ब्रिक्स सारखे असूनही खालच्या भागाचा सामू चढा निघाला, तर तो माल आधी काढून स्वतंत्र क्रेटमध्ये, शक्यतो सूर्योदयापूर्वी, रवाना करावा आणि क्रेटवर प्लॉटचा भाग लिहावा. वाइनरीने तो वेगळ्या टाकीत घेण्याचे मान्य केले, तर पुढच्या वर्षी कोणत्या भागावर काय करावयाचे याचे उत्तर त्या टाकीतूनच मिळते.